रंधा आणि लेखणी

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित वर्गांत एक नवी आवड उत्पन्न झाली आहे. कचेरींत, बँकेंत, शाळेंत किंवा कॉलेजांत चरितार्थ चालविणारा गृहस्थ घराच्या मागील पडवींत अगर मोटार ठेवण्याच्या जागेंत एक भक्कम मेज मांडतो, करवत, रंधा, पटाशी, गुण्या हीं हत्यारें भिंतीला लावतो, आणि सुटीच्या दिवशीं सागाच्या फळ्या तासून आपल्या घराच्या मापाचें कपाट, पलंग, पुस्तकांची मांडणी किंवा देव्हारा स्वतःच्या हातांनीं तयार करतो. पुण्यामुंबईस हा प्रकार आतां नवा राहिलेला नाहीं. परंतु ज्याचा सारा व्यवहार शेतीच्या हंगामावर चालतो अशा आमच्या वाशिम जिल्ह्यांतहि तो दिसूं लागला आहे. त्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, शिकलेल्या माणसाच्या हाताला अखेर काम लागलें, ही मोठी शुभ गोष्ट झाली. दुसरे म्हणतात, हा पोटभरल्याचा खेळ आहे. हौस याची होते आणि रोजी सुताराची जाते. आमच्या मतें हीं दोन्ही मतें अर्धवट आहेत. आणि प्रश्न वरवर दिसतो त्याहून खोल असल्यामुळें त्याचा जरा सावकाश विचार करावा असें आम्ही योजिलें आहे.

प्रथम विषयाची मर्यादा ठरविली पाहिजे. आम्ही बोलत आहों तें कठीण लांकडाच्या कामाविषयीं. शास्त्रांतील 'कठीण' आणि 'मऊ' ही वांटणी वस्तुतः कठीणपणावर नसून रुंद पानांचीं झाडें व सुईसारख्या पानांचीं झाडें या भेदावर आहे. त्यामुळें नखानें ओरखडा निघेल अशी सांवरसुद्धां शास्त्राच्या हिशेबीं कठीण लांकडांतच मोडते. व्यवहारांत मात्र आमच्याकडे कठीण लांकूड म्हणजे साग, शिसवी, बिबला, हळदू, ऐन, धावडा, तिवस, बाभूळ. यांपैकीं प्रत्येकाचें काम पूर्वींच्या लोकांनीं अनुभवानें ठरवून टाकिलें होतें. गाडीच्या चाकाला आणि नांगराला बाभूळ, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, दारें-खिडक्या आणि पलंग यांना साग. बाभळीचा पलंग कोणी केला नाहीं आणि सागाचा दांडा कोणी कुऱ्हाडीला बसविला नाहीं. कोणतें लांकूड कशाला योग्य, हें ज्ञान ग्रंथांत नव्हतें. तें गांवच्या सुताराच्या हातांत होतें, आणि तो सुतार बहुधा निरक्षर होता.

येथेंच आमच्या समाजाची पहिली विसंगति दिसते. आमच्या धर्मानें लांकूडकामाला जितका मान दिला आहे तितका फारच थोड्या धंद्यांना दिला असेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत विश्वकर्म्याचीं सूक्तें आहेत. सृष्टीच्या उत्पत्तीविषयीं ऋषीला जिज्ञासा झाली तेव्हां त्याला सुताराच्या धंद्यांतलाच प्रश्न सुचला, कीं एवढ्या मोठ्या कामाला माल कोणत्या झाडाचा आणिला? ऋभु नांवाचे देव तर मूळचे मर्त्य कारागीर. हातांतील कौशल्याच्या बळावर त्यांनीं देवत्व मिळविलें असें वेद सांगतो. आणि त्याच परंपरेंतल्या अमरकोशांत तक्षा, वर्धकि, त्वष्टा हीं सुताराचीं नांवें कोठें आलीं आहेत? शूद्रवर्गांत. जो त्वष्टा वेदांत देव, तोच कोशांत शूद्र. वऱ्हाडांत आजहि सुताराला वाढई म्हणतात, आणि हा शब्द त्या 'वर्धकि' शब्दाचाच वंशज आहे. शब्द दोन हजार वर्षें टिकला, पण त्या शब्दाचा धनी मात्र ओसरीच्या पायरीवरच उभा राहिला. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांवगाडा' या पुस्तकांत बारा बलुतेदारांच्या व्यवस्थेचें जें परखड वर्णन आहे तें वाचलें म्हणजे, तिला केवळ जुन्या काळचें सहकार्य म्हणून गौरविणाऱ्यांचा भ्रम उतरावा. सुतारानें खळ्यावर बलुतें मागावें, कुणब्यानें सुपानें घालावें, आणि आम्हां लेखणीवाल्यांनीं दोघांचा हिशेब लिहावा, असा तो व्यवहार होता. तेव्हां शिकलेल्या माणसानें रंधा हातीं घेणें म्हणजे नुसता वेळ घालविण्याचा नवा मार्ग नव्हे. एका फार जुन्या पायरीवरून खालीं उतरणें आहे. तो खरोखर उतरतो, कीं उतरल्याचा केवळ आविर्भाव करतो, हाच आमचा प्रश्न आहे.

ही विसंगति आमचीच आहे असें मात्र नाहीं. प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दहाव्या भागांत पलंगाचा जो दृष्टान्त घेतला आहे तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. पलंग तीन: एक ईश्वरनिर्मित, म्हणजे पलंगाची मूळ कल्पना, दुसरा सुतारानें केलेला, तिसरा चित्रकारानें रंगविलेला. चित्रकार सत्यापासून सर्वांत दूर. सुतार त्याच्याहून सत्याच्या एक पायरी जवळ. वाचतांना वाटतें, सुताराचा केवढा हा गौरव! पण त्याच प्लेटोच्या आदर्श राज्यांत राज्य चालविण्याचा अधिकार सुताराला नाहीं. त्याच्या शिष्यानें, म्हणजे ॲरिस्टॉटलनें, आपल्या पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या भागांत अँटिफॉन नांवाच्या पंडिताचें एक वचन नोंदविलें आहे, तें आम्हांस अधिक मार्मिक वाटतें. अँटिफॉनचें म्हणणें असें कीं, एखादा पलंग जमिनींत पुरला आणि त्याच्या कुजत्या लांकडाला जीव येऊन कोंब फुटला, तर उगवेल तें झाड उगवेल, पलंग उगवणार नाहीं. अर्थात् पलंगपण हें लांकडावर माणसानें घातलेलें वरचें रूप आहे. आंतला स्वभाव लांकडाचाच.

हें तत्त्व ग्रीसमध्यें सुचलें असलें तरी त्याची प्रचीति वाशिमला दर वर्षीं येते. वैशाखांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. दोन महिन्यांनीं तीच हवा ओलीचिंब. लांकूड मेलें तरी त्याचें हवेंतलें पाणी घेणें आणि टाकणें थांबत नाहीं. ओला साग पूर्ण वाळवला तर लांबीच्या दिशेनें तो जवळ जवळ आटतच नाहीं. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनें सुमारें अडीच टक्के आटतो, आणि वर्षवलयांच्या कडेकडेच्या दिशेनें त्याच्या दुप्पट. चांगला वाळलेला सागसुद्धां, फळी दीड फूट रुंद असली तर, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सूत-दीड सूत हालचाल करतोच. ही शक्ति खिळ्यानें, सरसानें किंवा मालकाच्या इच्छेनें रोखतां येत नाहीं. रोखावयास गेलें तर फळी तडकते. म्हणून जुन्या सुतारांनीं दिल्ह्याचें दार शोधून काढिलें. सभोंवतीं चौकट, तिचे सांधे कुसूं आणि भोंक यांनीं घट्ट. चौकटीच्या आंतल्या अंगास खांचणी. आणि त्या खांचणींत बसविलेला दिल्हा मात्र मोकळा, ना खिळा ना सरस. श्रावणांत तो फुगतो, चैत्र-वैशाखांत आकसतो, आणि दार बाहेरून जसेंच्या तसें राहतें.

या दिल्ह्याच्या दारांत आम्हांस व्यवहाराचा एक मोठा सिद्धान्त दिसतो, पण तो उगाच ताणण्याची आमची इच्छा नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या वस्तूशीं आपल्याला काम करावयाचें तिचा स्वभाव मान्य करूनच तिच्यावर आपला हेतु बसवितां येतो, ही गोष्ट पुस्तकांत शंभर वेळां वाचून पटत नाहीं आणि एका तडकलेल्या फळीनें पटते. आम्हां शिक्षकांच्या, वकिलांच्या आणि कारकुनांच्या धंद्यांत शब्दाला शब्द लावून पुष्कळ गोष्टी सांवरतां येतात. व्याख्यान फसलें तर विद्यार्थी मंद ठरतात. खटला फसला तर न्यायाधीश. सांधा फसला तर मात्र दोष द्यावयास दुसरें कोणी नसतें. गुण्या लावला आणि फट दिसली, कीं निकाल लागला. तेथें शिफारस चालत नाहीं, वशिला चालत नाहीं, आणि हुद्दा तर मुळींच चालत नाहीं. ज्याच्या बुद्धीला आयुष्यभर असा निर्विवाद निकाल क्वचितच मिळाला, त्याला तो आठवड्यांतून एकदां मिळणें हें आम्ही फार हितकर समजतों. घरच्या सुतारकामाचा पहिला लाभ हा आहे. कपाट हा दुसरा.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल कीं, ज्याचा धर्म अध्यापन त्यानें सुताराचें काम करणें हा परधर्म झाला. परंतु स्वधर्म म्हणजे आपल्या वांट्याचें कर्तव्य न टाळणें. बाकीच्या वेळीं हात बांधून बसणें असा त्याचा अर्थ नव्हे. महात्मा गांधींनीं १९०४ मध्यें जोहान्सबर्गहून डर्बनला जातांना आगगाडींत रस्किनचें 'अन्टु धिस लास्ट' हें पुस्तक वाचलें, आणि वकिलाच्या कामाचें मोल न्हाव्याच्या कामाइतकेंच आहे असा बोध त्यांनीं त्यांतून घेतला. तो ज्याला पटला त्याला रंधा हातीं धरण्यास शास्त्राधार शोधण्याचें कारण नाहीं. हा आक्षेप आतां कोणी मनापासून घेत नाहीं; दुसरा आक्षेप मात्र खरा आहे.

तो असा: तुम्ही पगारदार, तुमचें पोट दुसरीकडे भरतें. गांवांतला मिस्त्री ज्या कामावर मुलें वाढवितो तें काम तुम्ही करमणूक म्हणून करतां. हें भुकेल्याच्या ताटांतला घांस गंमतीनें उचलण्यासारखें नव्हे काय? यावर घाईनें दिलें जाणारें उत्तर असें कीं, सुताराचा धंदा हौशी गृहस्थानें बुडविला नसून लोखंडी कपाटांनीं, कारखान्यांतल्या खुर्च्यांनीं आणि प्लायवुडवर चिकटविलेल्या सनमायक्यानें बुडविला. हौशी माणूस वर्षाकांठीं एखादें कपाट करणार, त्यानें बाजार हालत नाहीं. हें उत्तर हिशेबाच्या दृष्टीनें बरोबर आहे, पण नीतीच्या दृष्टीनें अपुरें आहे. दुसऱ्यानें मोठा अपाय केला म्हणून आमचा लहान अपाय नाहींसा होत नाहीं.

म्हणून आम्हांस येथें एक मर्यादा घालावीशी वाटते. आपल्या घरासाठीं किंवा स्नेह्यास भेट देण्यासाठीं मनुष्यानें काय वाटेल तें घडवावें. आपली भाकरी आपण भाजली म्हणून कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु तीच वस्तु तो विकूं लागला, आणि 'आपल्याला काय, हौसच आहे' असें म्हणून केवळ लांकडाच्या किंमतींत देऊं लागला, तर तो उदार नव्हे; तो सुताराच्या मजुरीवर घाव घालणारा आहे. विकणार असेल तर त्यानें आपल्या प्रत्येक तासाची मजुरी चांगल्या मिस्त्रीच्या दरानें धरावी आणि ती मागावी. मग गिऱ्हाईक कोणाकडेहि जावो, स्पर्धा न्यायाची होईल. ज्याला आपल्या श्रमाची किंमत घ्यावयाची लाज वाटते, त्यानें त्या लाजेचा भुर्दंड दुसऱ्याच्या श्रमावर बसवूं नये.

आणि याच्याहि पुढें एक गोष्ट आहे. हा गृहस्थ शिकला कोणापासून? पुस्तकांतून आणि चित्रफितींतून थोडें आलें असेल. पण पटाशीला धार कशी लावावी, रंध्याचें पातें किती बाहेर काढावें, रेषा उलटी आली तर फळी कोणत्या बाजूनें धरावी, हें बहुधा गांवांतल्या कोणा वयस्क मिस्त्रीनेंच दाखविलेलें असतें. संगीत शिकविणाऱ्याला आम्ही गुरु म्हणतों, त्याच्या पायां पडतों आणि महिन्याचें वेतन देतों. रंधा शिकविणाऱ्याला चहा पाजून वाटेस लावतों. हा फरक कां? विद्या दोन्ही आहेत, अभ्यास दोन्हींना लागतो, आणि दोन्ही विद्या हातांतूनच हातांत जातात. सुताराच्या विद्येचें ऋण रीतसर फेडल्यावांचून जो तिचा आनंद घेतो, त्याचा आनंद उसनवारीचा समजावा.

हें सारें करूनहि ज्या एका लाभासाठीं आम्ही घरच्या सुतारकामाचा पक्ष घेतों तो असा कीं, ज्यानें स्वतः एक भोंक पटाशीनें चौकोनी कोरलें आहे त्याला तें काम किती वेळाचें आहे हें कळतें. आमच्या मध्यमवर्गाचा एक दोष उघड बोलला पाहिजे. कापडाच्या दुकानांत छापील किंमत असते तेथें आम्ही मुकाट्यानें पैसे मोजतों; आणि दाराशीं आलेल्या मिस्त्रीशीं मात्र फुटामागें रुपयाची घासाघीस करतों. याचें कारण कृपणपणा नव्हे, अज्ञान होय. त्याच्या आठ दिवसांत काय काय होतें तें आम्हांला दिसतच नाहीं. दिसतें तें फक्त तयार कपाट. स्वतः काम करणाऱ्याला तें दिसूं लागतें. त्यानें यापुढें मिस्त्रीचा हिशेब न कुरकुरतां चुकता केला, तर त्याची ती खोली पाठशाळा ठरली. आणि जर तो पूर्वींसारखीच घासाघीस करीत राहिला, किंबहुना 'यांत काय आहे, मीहि करतों' असें म्हणून अधिकच करूं लागला, तर त्याचीं सर्व किंमती हत्यारें खेळणीं होत. एवढ्या एका कसोटीवर आम्ही कोणाहि हौशी सुताराची परीक्षा करण्यास तयार आहों.

सुताराइतकेंच, किंबहुना त्याहून मुकें असें दुसरें ऋण झाडाचें. सागाचें झाड चांगलें जाड व्हावयास साठ-ऐंशी वर्षें लागतात. मलबारांत निलंबूर येथें १८४० च्या दशकांत कलेक्टर कॉनली यानें आणि त्याच्या हाताखालच्या चातु मेनन यांनीं सागाची लागवड केली. ती भारतांतील सागाच्या पहिल्या लागवडींपैकीं असून तिचा एक भाग आजहि राखून ठेविला आहे. लावणाऱ्यांपैकीं कोणालाहि त्याचें लांकूड वापरावयास मिळालें नाहीं, आणि आपल्याला तें मिळणार नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. आमच्या विदर्भाच्या पूर्वेस आलापल्लीचें सागवन आहे आणि बल्लारपूरला वनखात्याचें मोठें आगार आहे. २०२३ मध्यें उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसदभवनाला साग नागपूरहून गेला, आणि त्याच वर्षीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं बल्लारपुराहून लांकडाची मिरवणूक निघाली, याचा आम्हां वैदर्भीयांस अभिमान वाटला. वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव, मानोरा या भागांतील पानगळीच्या रानांतहि साग आहे. पण तो अशा कीर्तीचा नाहीं. शेताच्या बांधावरचा साग असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याप्रमाणें तो तोडण्यास परवानगी लागते, आणि तोडलेला माल हलवावयास पास लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. आम्हांस वाटतें, जें झाड उभें राहावयास दोन पिढ्या लागल्या तें आडवें करण्यास दोन कागद लागले, तर तक्रार करण्यासारखें फारसें नाहीं.

यांतून एक साधा नियम निघतो: झाड जितकीं वर्षें वाढलें, निदान तितकीं वर्षें त्याची वस्तु टिकली पाहिजे. साठ वर्षांच्या सागाचें कपाट पंधरा वर्षांत मोडीत निघालें तर तो झाडाशीं केलेला अन्याय होय. लांकूड टिकतें, याविषयीं शंका नको. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लावलेल्या लांकडी फासळ्या आजहि तेथें आहेत. उलट १७३२ मध्यें पुरा झालेला पुण्याचा शनवारवाडा १८२८ च्या आगींत शंभर वर्षें भरण्यापूर्वींच जळाला आणि दगडी जोतें तेवढें उरलें. लांकडाचें आयुष्य लांकडांत थोडें आणि त्याला जपणाऱ्यांत फार असतें. म्हणूनच, आमच्या जुन्या गांवांतून जे वाडे पाडले जात आहेत त्यांचीं तुळवटें, खांब आणि दारें विकत घेऊन त्यांतून नवी वस्तु घडविणारा गृहस्थ आम्हांस नवी फळी विकत घेणाऱ्याहून शहाणा वाटतो. तें लांकूड वाळावयाचें राहिलेलें नसतें. त्यांतले जुने खिळे रंध्याचें पातें बोथट करतात, एवढा दंड त्यानें आनंदानें भरावा.

कार्ल्याची गोष्ट निघाली म्हणून नक्कलेविषयीं दोन शब्द लिहितों. आमचें वाशिम स्वतंत्र जिल्हा झालें तें १ जुलै १९९८ रोजीं. पण वत्सगुल्म या नांवानें तें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरींत लाविला, म्हणून लेखणीवाल्यांना या गांवाचा अभिमान असतो. रंध्यानेंहि तो धरण्यास हरकत नाहीं. पांचव्या शतकांत वत्सगुल्माचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें १६ क्रमांकाचें लेणें कोरविलें. त्याच्या दर्शनी पडवीचें छत पाहिलें तर खडकांत तुळया आणि वासे कोरलेले दिसतात. त्याच काळच्या १९ व्या लेण्यांतहि छताला दगडाच्या फासळ्या आहेत. या तुळयांवर कसलाहि भार नाहीं. डोंगराला तुळयांची गरज काय? पाथरवटानें सुताराची आठवण दगडांत ठेविली. ही नक्कल होय, परंतु लबाडी नव्हे, कारण डोंगर पाहून कोणी फसत नाहीं. सनमायक्यावर छापलेल्या सागाच्या रेषाहि, सनमायका म्हणून विकल्या तर, लबाडी नव्हेत; गरिबाला परवडेल तें त्यानें घ्यावें, त्यांत लाज नाहीं. लबाडी सुरू होते ती घेणाऱ्याला सांगितलेलें एक आणि आंत असलेलें दुसरें, येथून. सत्य हें वस्तूच्या जातींत नसून देणाऱ्याच्या बोलण्यांत असतें.

मग जेथें कोणाला कांहीं सांगितलेंच जात नाहीं तेथें काय? कपाटाची पाठ भिंतीकडे असते. ड्रॉवरच्या तळाखालीं कोणी वांकून पाहत नाहीं. तेथील काम चांगलें कां करावें? नीतिशास्त्राचा हा जुना प्रश्न आहे, आणि त्याचें भाबडें उत्तर असें दिलें जातें कीं, न दिसणारी बाजूहि दिसणाऱ्या बाजूइतकीच गुळगुळीत करावी. जुनीं कामें ज्यांनीं उलटून पाहिलीं आहेत त्यांना हें उत्तर पटणार नाहीं. जुन्या चांगल्या पेटाऱ्यांची आणि कपाटांची पाठ पुष्कळदां खडबडीत असते. तिच्यावर करवतीच्या खुणा तशाच असतात. पण तेथलाच सांधा पाहावा, तर तो पुढच्या सांध्याइतकाच घट्ट. जुन्या सुतारानें न दिसणाऱ्या जागीं शोभा वगळली, बळ वगळलें नाहीं. ज्याला मजुरीवर घर चालवावयाचें होतें त्यानें वेळ कोठें वांचवावा आणि कोठें वांचवूं नये हें नेमकें ओळखलें होतें. आम्हां हौशी लोकांचें बहुधा उलट होतें. आमची पाठहि आरशासारखी चकाकते, कारण पाहुण्याला ती मुद्दाम दाखवावयाची असते. आणि आंत सांध्याच्या जागीं स्क्रू असतो. एकांतांतलें कर्तव्य म्हणजे एकांतांतली सजावट नव्हे. वस्तूवर ज्याचा विश्वास बसणार त्याचा विश्वासघात होऊं नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि तो अर्थ आम्हांस जुन्या खडबडीत पाठींनींच शिकविला आहे.

शेवटीं मुलांविषयीं. फिनलंडनें १८६६ मध्यें शाळांतून हस्तकला आवश्यक केली. पुढें स्वीडनमध्यें ऑटो सॉलोमन यानें नेस येथें शिक्षकांना लांकूडकाम शिकविण्याची जी शाळा काढली तिच्यांत देशोदेशींचे शिक्षक आले. त्यांचा हेतु सुतार तयार करण्याचा नव्हता, माणूस तयार करण्याचा होता. आमच्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याला, म्हणजे आमच्याच विदर्भांत, शिक्षणपरिषद भरली; झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांत सुतारकामाचा समावेश केला. आम्ही त्या योजनेची स्तुति केली आणि आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत घातलीं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ शिकावें असें म्हटलें आहे, आणि त्या कारागिरांत सुताराचें नांव स्पष्ट आहे. इकडे १७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा धंद्यांपैकीं एक सुतारकाम असून हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेविलें आहे. सरकारनें आपल्या परीनें दार उघडलें आहे. पण सुताराचा मुलगा स्वतःच त्या दारांतून बाहेर पडूं पाहत आहे, याचें कारण केवळ पैसा नव्हे. लग्नाच्या बाजारांत शिपायाच्या नोकरीला जो मान आहे तो उत्तम कारागिराला नाहीं, हें त्यानें पाहिलें आहे. आमचा मुलगा हौसेनें रंधा धरतो आणि त्याचा मुलगा मानासाठीं तो सोडतो. या दोघांची वाटेंत गांठ पडते तेव्हां कोणाला कोणाकडून काय शिकावेंसें वाटेल, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. आणि मुलाच्या हातीं रंधा द्यावयाचा तर मुलीच्याहि हातीं द्यावा. दीडशें वर्षांपूर्वीं लेखणीविषयीं जे आक्षेप घेतले गेले तेच आतां रंध्याविषयीं पुन्हां ऐकण्याची आमची तयारी आहे.

तेव्हां घरीं सुतारकाम करावें कीं नाहीं, याचें आमचें उत्तर होकारार्थी आहे. पण तो होकार बिनशर्त नाहीं. ज्यानें विकतांना पूर्ण मजुरी धरली, शिकविणाऱ्याला गुरु मानलें, झाडाच्या वयाइतकी टिकेल अशी वस्तु केली, आणि आपला घाम आठवून दुसऱ्याच्या घामाचे पैसे न कांकूं करतां दिले, त्याच्या हातांतला रंधा लेखणीइतकाच पवित्र आहे. ज्यानें यांपैकीं कांहींच केलें नाहीं त्यानें फर्निचर केलें, दुसरें कांहीं केलें नाहीं. आम्हांस तर याची एक अगदीं घरगुती खूण पुरेशी वाटते. खुर्ची करणारा मिस्त्री पैसे घ्यावयास येतो तेव्हां तो अजून पुष्कळ घरांत उभ्यानेंच बोलतो, आणि घरांतल्या कोणाला त्यांत विशेष कांहीं वाटत नाहीं. स्वतः एखादी खुर्ची घडविलेल्या गृहस्थानें त्याला त्याच खुर्चीवर बसावयास सांगितलें, आणि हिशेबाची वही बसल्या जागीं त्याच्या पुढें ठेविली, तर त्या घरांत सुतारकाम खरोखर शिकलें गेलें असें आम्ही समजूं.